यॉट शिकण्याबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, "वाऱ्याने नाव उलटली तर?" असं तुम्ही विचारलंत, म्हणून तिथूनच सुरुवात करते. शिकण्याच्या यॉटच्या तळाला कील असते, म्हणजे लोखंडाचं किंवा शिशाचं वजन. यॉट जितकी कलते तितका शिडात वारा कमी भरतो आणि कील तिला जास्त जोराने सरळ खेचते. कललेली यॉट बघून पोटात गोळा येईल खरा, पण साध्या वाऱ्यात ती उलटत नाही. जपायचं ते बूम, विंच आणि पाण्यात पडणं या तिन्हींपासून.

बूम म्हणजे मोठ्या शिडाच्या खालची आडवी दांडी. वारा मागून असताना सुकाणू नकळत फिरलं, तर ती डोक्याच्या उंचीवरून सपकन या बाजूची त्या बाजूला जाते. म्हणून आधी दोर ओढून बूम मधोमध आणायची, मग सुकाणू फिरवायचं आणि शीड पलटताच दोर सोडायचा. सगळ्यांनी "तयार" म्हटल्याशिवाय सुकाणूला हात लावायचा नाही.

विंच म्हणजे शिडाचे दोर ताणायचा फिरता ड्रम. त्यात बोटं सापडतात ती घाईमुळे. दोर घड्याळाच्या दिशेने गुंडाळायचा; सैल असताना दोनच वेढे, ताण आला की तिसरा, लागलाच तर चौथा. मूठ ड्रमपासून वीतभर लांब. सुरुवातीलाच चार वेढे घातले की सैल दोर एकावर एक चढतो, ताणातला वेढा खाली दबतो आणि ऐन वळताना पुढचं शीड सुटत नाही. हिसके देऊन तो निघत नाही. दुसरा दोर बांधून ताण त्याच्यावर घ्यावा लागतो, मगच गुंता सुटतो.

हे हातात बसायला गट लहानच हवा. चार जण असले तर एक सुकाणूवर, एक मोठ्या शिडाशी, दोघं पुढच्या शिडाच्या दोरांशी. थोड्या थोड्या वेळाने जागा बदलायच्या. आठ जण घेतले की निम्मे नुसते प्रवासी. शाळा निवडताना यॉट किती नवी ते बघण्यापेक्षा एका शिक्षकामागे किती माणसं हे विचारावं.

सुकाणू जड लागू लागलं, यॉट सारखी वाऱ्याकडे तोंड वळवू लागली, की शीड लहान करायचं, म्हणजे रीफ घ्यायचा. मोठ्या शिडाचा दोर आणि बूमला खाली ओढणारा किकर आधी सैल. मग हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, सोडून शीड थोडं उतरवायचं, शिडाची पुढची कडी हुकात अडकवायची, हॅलियार्ड पुन्हा कडक करायचा आणि शेवटी मागचा रीफचा दोर ओढायचा. किकर सैल करायचा राहिला तर विंचचा सगळा जोर कापडावर येतो आणि शीड फाटतं. नंतर पूर्ण शीड उघडताना, खाली गुंडाळलेलं कापड बांधायच्या मधल्या बारीक दोऱ्या सोडायच्या राहिल्या, तरी तेच.

कोणी पाण्यात पडलं तर ओरडायचं, तरंगती रिंग फेकायची, ती जागा नोंदवणारं जीपीएसचं बटण दाबायचं. एकाने फक्त त्या माणसाकडे बोट दाखवत राहायचं, नजर हटवायची नाही; लाटांत डोकं क्षणात दिसेनासं होतं. जवळ जाताना वारा तिरका समोरून हवा, म्हणजे दोर सोडले की शिडं रिकामी होतात आणि यॉट थांबते. लाइफजॅकेट सहसा १५० न्यूटनचं, म्हणजे तेवढ्या जोराने तरंगवणारं, असतं. त्याचा मांड्यांमधून जाणारा पट्टा बांधायचाच, नाहीतर पाण्यात जॅकेट तोंडावर चढतं. निघण्यापूर्वी जॅकेट फुगवणारी गॅसची छोटी बाटली हाताने फिरवून घट्ट आहे ना ते बघायचं.

आई, मळमळीची गोळी यॉट सुटण्याआधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. बरं वाटेनासं झालं की खाली केबिनमध्ये जायचं नाही. वरच बसून क्षितिजाकडे बघायचं, जमलं तर सुकाणू धरायचं.

आणि फोन लागला नाही तर घाबरू नका, किनारा लांब गेला की रेंज जाते. यॉटवर व्हीएचएफ रेडिओ असतो, त्याच्या १६ नंबरच्या चॅनेलवर मदत मागता येते. जायचा मार्ग आणि परतायची वेळ शाळेत लिहून ठेवतात. शाळेचा नंबर वेगळ्या कागदावर लिहून सोबत पाठवते आहे.

तुमची,
लेक