काठी परत द्यायची आहे, मावशी

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. कुणी ओळखून तुमच्यापर्यंत पोचवलं तर बरंच, नाहीतर निदान लिहून मोकळी होईन.

कड्याखालची ती अरुंद पुळण आठवते? पुढच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं, असा आमचा बेत होता. हा नेहमीसारखा शंभर पावलं पुढे, मी मागे, आणि मध्ये सकाळपासूनचा अबोला. त्याच्या मते मी रेंगाळते, माझ्या मते ह्याला फक्त पोचायचं असतं. पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले, म्हणजे उधाण ओसरलं, हे गणित त्याचं. (मीही मान डोलावली होती, खोटं कशाला बोलू.)

तुम्ही टोकाकडून परत येत होतात. "जाऊ नका" म्हणाला असतात तर ह्याने मुळीच ऐकलं नसतं. तुम्ही वाळूतल्या ओल्या रेघेवर मुठीएवढा दगड ठेवलात आणि म्हणालात, "दहा मिनिटं बसा, ह्याच्याकडे बघत." पहिल्या दोन लाटा त्याला नुसत्या शिवून गेल्या. मग त्याच्याभोवती पाणी साचायला लागलं, आणि दहा मिनिटं व्हायच्या आत दगड दिसेनासा झाला. हा काही बोलला नाही, फक्त बुटांच्या नाड्या घट्ट बांधायला लागला.

वर चढताना तुम्ही सगळं उलगडून सांगितलंत. उधाणाची सगळ्यात मोठी भरती बहुतेक ठिकाणी पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येते. शिवाय सहा तासांच्या भरतीत पाणी सारखं चढत नाही. बारा हिस्से धरले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, आणि मग पुन्हा दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. आम्ही टोकाला निघालो होतो ते नेमके तिसऱ्या तासात.

त्याच चढणीवर माझा घोटा मुरगळला. तुम्ही तुमच्या दोन काठ्यांतली एक माझ्या हातात दिलीत आणि ह्याला म्हणालात, "तिला पुढे घाल. मागचा दमला की पुढच्याला कळत नाही." एवढंच. मी दोन वर्षं भांडून जे सांगत होते, ते तुमच्याकडून त्याला एका वाक्यात पटलं. थोडा रागही आला मला, पण असो.

तेव्हापासून मीच पुढे असते. नकाशाच्या मागे तुम्ही पेन्सिलीने लिहून दिलेला हिशोबही अजून चालू आहे: पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पुढे वाचलं, तेव्हा कळलं की हा नियम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला होता. त्यात विश्रांती धरलेली नाही, आणि माझ्यासारखीची तर नाहीच. म्हणून आम्ही येणाऱ्या आकड्याची दीडपट करतो.

गेल्या वर्षी एका खिंडीकडे निघालो होतो. अंतर १५ किलोमीटर, चढाई १२०० मीटर. हिशोबाने पाच तास, आमचे साडेसात. निघायलाच उशीर झालेला. दुपारी दोन वाजता खिंड वर स्पष्ट दिसत होती, फार तर २०० मीटर चढ उरला असेल. मी थांबले. आता हा "एवढंच तर राहिलंय" म्हणणार, म्हणून भांडायची तयारी करूनच वळले. ह्याने घड्याळ बघितलं, एकदा वर बघितलं आणि म्हणाला, "दगड बुडायला लागला. उतरू या."

तळाला पोचेपर्यंत अंधार पडला होता. शेवटचा अर्धा तास टॉर्च लावून चाललो.

काठी अजून माझ्याकडेच आहे. टोकाचं रबर दोनदा बदललंय, आणि मुठीवर एक ओरखडा पडलाय, तो माझ्यामुळे. भेटलात की परत देते, रागवू नका.

तुमची,
पुढे चालणारी