रद्द होणाऱ्या रविवारांचा हिशेब

कोथरूड, पुणे

चि. निहार यास अनेक आशीर्वाद.

ट्रेकच्या धंद्याची तुझी एक्सेल शीट नीट वाचली. बाबांनी फक्त शेवटचा नफ्याचा आकडा पाहिला, "बंगळूरची नोकरी सोडून पोरगा डोंगर विकणार" म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला. त्यांचं सोड, येतील वळणावर. मी मात्र आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताळेबंदातली भोकं शोधून पोट भरलंय, तेव्हा माझं ऐकून घ्यावं लागेल.

ट्रेकचा धंदा करू नकोस असं मी म्हणत नाही. पण तुझी शीट ज्या पावसाच्या भरवशावर उभी आहे, तो मी कॉलेजात असतानाचा पाऊस आहे.

वर्षाच्या कमाईतला मोठा हिस्सा तू जून ते सप्टेंबरच्या शनिवार-रविवारांवर टाकलायस. अंधारबन, देवकुंड, लोहगड, आणि दर रविवारी बस भरलेली! एकही रविवार रिकामा जात नाही, हे कुणी ठरवलं? काजव्यांच्या बॅचही तू जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लावल्यास. काजवे चमकतात ते पाऊस बसण्याआधीच्या मोजक्या रात्रींत. २०२५ साली मोसमी पाऊस पुण्यात २६ मेलाच हजर झाला, एरवी आपण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्याची वाट बघतो. असं पुन्हा झालं, तर आगाऊ पैसे भरलेल्या लोकांना तू राजमाचीच्या अंधारात काय दाखवणार?

काजव्यांचं नुकसान पैशांपुरतं राहील. घाटातलं तसं नाही.

पाषाणच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी इतरांबरोबर केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात आपला महाराष्ट्रही येतो, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचं त्यात आहे. एकूण मोसमी पाऊस मात्र त्याच काळात घटलाय. अरबी समुद्र तापतोय, आणि पश्चिमेचे वारे मधूनच उसळी घेऊन तिथलं बाष्प एकदम आत लोटतात. शिवाय हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून आठवडाभर नुसतं ऊन आणि मग एका रात्रीत सगळी थकबाकी वसूल, असा हा पाऊस. सह्याद्री त्याच्या वाटेत आडवा उभा आहे, आणि तुझं दुकान नेमकं तिथेच लागणार आहे.

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, ते आठवत असेल. २५ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत शिवाजीनगरला शंभर मिलिमीटरच्या थोडा वर पाऊस झाला होता. अंधारबनजवळच्या ताम्हिणी घाटात साडेपाचशेच्याही वर. गॅलरीतून आभाळ बघून "काही नाही रे, भुरभुर आहे" म्हणत अंधारबनची बस सोडणारा लीडर त्या दिवशी काय करेल? त्या वाटेवर ओढे आडवे येतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी माणसाला उभं राहू देत नाही, आणि जंगलाच्या मध्यावर अडकलेल्या चाळीस जणांना पुढेही जाता येत नाही, मागेही. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, तो ३० जून २०२४, रविवारच होता. मुक्कामाचं गाव सुरक्षित असतं असंही समजू नकोस. इर्शाळगडाला जाणारी वाट इर्शाळवाडीतूनच होती, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या वाडीवरच दरड आली.

म्हणून शीटमध्ये एक नवा कॉलम घाल: रद्द. पावसाळ्यातला दर तिसरा रविवार रद्द धरूनच हिशेब मांड. हा माझा अंदाज आहे, शास्त्र नव्हे, पण ताळेबंद भित्र्या माणसाने मांडलेलाच बरा. हवामान खातं पुणे घाटमाथ्याचा इशारा शहरापेक्षा वेगळा देतं, तोच धरायचा. तिथे रेड असला की ट्रेक रद्द, ऑरेंज असला की ओढे-धबधबे वगळायचे, आणि हे बुकिंगच्या पानावर आधीच लिहायचं. शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर चर्चा नको. चर्चेत नेहमी पैसे भरलेलाच जिंकतो.

ट्रेक रद्द झाला तरी लीडरला त्या दिवसाचं पूर्ण मानधन दे. नाहीतर तो रद्द करणारच नाही, घरभाडं त्यालाही आहे. पायथ्याच्या ज्या मावशींना तू पिठलं-भाकरीची ऑर्डर दिली असशील, त्यांनाही निम्मे तरी पैसे पोचले पाहिजेत. त्यांनी पीठ दळून आणलेलं असतं. हे सगळं मी धरून पाहिलं. पहिली दोन वर्षं तुला आत्ताच्या पगाराच्या निम्मेही सुटत नाहीत. तरी करायचं असेल तर कर, पण हा आकडा बघून कर.

बाकी किरकोळ. एप्रिल-मेचे दिवसाचे ट्रेक काढूनच टाक; कातळ तापतो आणि गडांवरची बरीचशी टाकी तोवर आटलेली असतात. त्याऐवजी वेताळ टेकडीवर पहाटे मुलांना पक्षी दाखवायला ने, त्याला बससुद्धा लागत नाही. हिमालयातल्या हिवाळी बॅचवरही डोळे मिटून भरवसा ठेवू नकोस. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बर्फावाचून कोरडे होते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून तिथल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. सरकारी स्पर्धा पुढे जाऊ शकते. तुझ्या गिऱ्हाइकांची रजा आणि विमानाची तिकिटं पुढे जात नाहीत.

आता भांडवलाचं. माझी एफडी सप्टेंबरअखेर सुटते आणि मी ती आधी मोडणार नाही. म्हणजे हा पावसाळा तुझ्याकडे पैसे नसतील. तो दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली लीडर म्हणून काढ आणि तो माणूस शनिवारी रात्री बस रद्द करतो की नाही, एवढं बघ. प्रथमोपचाराचा कोर्सही त्याच काळात उरक. त्याची फी मी देते.

तुझी,
आई

ता. क. जीएसटीचा दर तू अंदाजाने टाकलेला दिसतोय. फोन कर, सांगते.