आईच्या हाताच्या मुंग्या

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीत मी मोदक वळायला बसले नाही. पाठ धरलीय म्हणून सांगितलं, ते खरं नव्हतं. दुखत होता तो उजवा हात, अंगठ्याच्या बाजूचं मनगट. कुकरचं झाकण फिरवताना, गाडीची किल्ली लावताना कळ थेट कोपरापर्यंत जायची. तुम्ही काळजी कराल म्हणून सात महिने अंगावर काढलं. मलम चोळायचं, क्रेप बँडेज गुंडाळायचं आणि पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसायचं. ऑफिसात एकदा बोलले, तर ‘सगळ्यांचंच दुखतं’ असं उत्तर मिळालं. त्याचं फार वाईट वाटलं.

मागच्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी अंगठा मुठीत धरायला सांगून मूठ हळूच करंगळीकडे वाकवली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या दुखण्याला डी क्वेरवेन म्हणतात. अंगठा हलवणाऱ्या दोन दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटापाशी एका अरुंद वाटेतून जातात. तेच तेच काम करून ती वाट जाड होते आणि दोऱ्या घासायला लागतात. दिवसभर माऊस आणि घरी आल्यावर मोबाइल, माझ्या अंगठ्याला उसंतच नव्हती. आता अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारा स्प्लिंट आहे, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी आहे. कळ निम्म्यावर आलीय.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला टेबलाशी बसवून मी काम कशी करते ते पाहिलं. माऊस फार लांब होता आणि मनगट टेबलाच्या कडेवर रोवलेलं. ‘मनगट टेकवू नका, हात कोपरापासून हलू द्या,’ त्या म्हणाल्या, आणि बाबा, मला तुमचं रेमिंग्टन टाइपरायटर आठवलं. ‘मनगट वर!’ म्हणून तुम्ही मला पट्टीने हळूच टोचायचात. कचेरीत तुम्ही तीस वर्षं टाइप केलंत. पण ओळ संपली की कॅरेज सरकवायचं, पान संपलं की कागद काढायचा, नवे कार्बन लावायचे. तेवढ्यात हात सुटायचा. माझी ओळ संपतच नाही. म्हणून आता दर अर्ध्या तासाला गजर लावते आणि उठते. हे पत्रसुद्धा फोनला तोंडी सांगितलंय.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. डॉक्टरांनी मला विचारलं, ‘रात्री मुंग्यांनी जाग येते का? हात झटकावा लागतो का?’ मी नाही म्हणाले आणि एकदम गप्प झाले. आई, पहाटे तीनला उठून, पलंगाच्या काठावर बसून हात झटकणारी तू मला दिसलीस. ‘रक्त अडलंय’ म्हणतेस आणि पुन्हा झोपतेस. किती वर्षं?

आज रात्री नीट बघ. मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात येतात आणि करंगळी मोकळी राहते का? तसं असेल तर मनगटातली नस, म्हणजे मज्जातंतू, दबत असण्याची शक्यता आहे. त्याला कार्पल टनेल म्हणतात. झोपेत मनगट दुमडतं, म्हणून रात्री त्रास वाढतो. तुला शुगर आहे, थायरॉइडची गोळीही चालू आहे, आणि या दोन्हींत हे जास्त आढळतं. वेळेत दाखवलं तर रात्री मनगट सरळ ठेवणाऱ्या पट्ट्यानेही पुष्कळांना आराम पडतो. फार लांबवलं तर अंगठ्याखालचा मांसल भाग सुकत जातो, पकड सुटते, मग ऑपरेशनची वेळ येते. बाबा, तिचे दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवून उजेडात बघा ना, तो उंचवटा सारखा आहे का. दिवाळीत तिच्या हातून कप निसटला, तेव्हा आपण सगळे तिच्यावरच ओरडलो. माझ्या मनातून ते जात नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीने येते. सोमवारचा नंबर लावून ठेवलाय, तपासणीला मी सोबत असेन. आई, शुगरचे आणि थायरॉइडचे जुने रिपोर्ट पिशवीत काढून ठेव. आणि मी येणार म्हणून भाकऱ्या थापत बसू नकोस. भात पुरे.

तुमची लेक