घुशीला बॅन्डीकूट म्हटलं की सोसायटी घाबरते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत शेवटच्या पानावर खालच्या कोपऱ्यात रोज एक इंग्रजी शब्द येतो, ती चौकट मी शब्दकोडं सोडवायच्या आधी वाचते. पण खरं सांगू का, त्यातले निम्मे शब्द तोंडात घेणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही, आणि जे शब्द खरोखर वाटेत आडवे येतात ते त्या चौकटीत कधी दिसत नाहीत. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापाकापी करायचा हक्क तुमचा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची सोसायटी कोपरीत, ठाणे पूर्वेला, खाडी जवळच. लिफ्टपाशी एक दिवस पेस्ट कंट्रोलवाल्याची नोटीस लागली, अख्खी इंग्रजीत, की आवारात बॅन्डीकूटचा उपद्रव वाढलाय तरी तळमजल्यावरच्यांनी दारं उघडी टाकू नयेत. झालं. संध्याकाळपर्यंत ग्रुपवर पन्नास मेसेज. एकाने गुगलवरून फोटो शोधून टाकला, लांब नाकाचा, पोटाला पिशवी असलेला, आणि खाली लिहिलेलं ऑस्ट्रेलिया. आता ऑस्ट्रेलियातला प्राणी कोपरीत कसा आला, जहाजातून उतरला का, इथपर्यंत चर्चा गेली, दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मुलांना खाली खेळायला पाठवायचं बंद केलं. शेवटी रात्री वॉचमन म्हणाला, "अहो मॅडम, घूस आहे ती. गटाराच्या तोंडाशी बिळं केलीत, मी कालच दोन विटा सारल्या तिथे." संपलं. भीती गेली, त्याच्या जागी नुसता वैताग आला, कारण घूस म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत, ती जिन्याखाली काय काय कुरतडते तेही माहीत.

मी मात्र त्या शब्दाच्या मागे लागले. तर बॅन्डीकूट मूळचा तेलुगू निघाला, पंदिकोक्कु, म्हणजे डुक्कर-उंदीर. साहेबाने तो इथून उचलला आणि ऑस्ट्रेलियात तसाच काहीसा दिसणारा प्राणी भेटल्यावर त्यालाही तेच नाव चिकटवलं. म्हणजे ग्रुपवरच्या फोटोतला तो पिशवीवाला आपल्या घुशीच्या नावावर जगतोय, आणि आम्ही घाबरलो त्याला!

दुसरा किस्सा नातवाचा. तो ऐरोलीला सहावीत, इंग्लिश मीडियम. परीक्षेत अनेकवचनं होती, गूसचं गीज त्याने बरोबर लिहिलं आणि मॉन्गूसचं लिहिलं मॉन्गीज. बाईंनी लाल रेघ मारून मॉन्गूसेस लिहिलं, पण का ते सांगितलं नाही. पोराचं म्हणणं मला तर बिनतोड वाटलं, एका गूसचं गीज होतं तर दुसऱ्याचं का नाही? आता गंमत बघा. हा शब्द म्हणजे आपलं मुंगूस. ऑक्सफर्डवालेसुद्धा त्याचं मूळ मराठीच देतात. आपला 'गूस' त्यांच्या कानाला बदकाच्या जातीतला वाटला आणि स्पेलिंग तसं झालं, पक्ष्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, म्हणून गीज नाही. हे सांगितल्यावर नातू म्हणतो, "आज्जी, मग पुढच्या वेळी मी मुंगसं लिहून येऊ का?" मी काय बोलणार, मार्क मला थोडेच द्यायचेत.

माझी नोकरी एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे बंदरातला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याकडे गेली, बावीस वर्षं डॉक्युमेंटेशनला. ऑफिस वाशीला आणि काम सगळं न्हावा शेव्याचं. ते बंदर १९८९ ला सुरू झालं, मी नंतर लागले. तिथे जे इंग्रजी ऐकलं ते कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. डॅमरेज, खरं तर डिमरेज, हा शब्द ड्रायव्हरपासून शेठपर्यंत सगळ्यांच्या तोंडी, "मॅडम कागद लवकर काढा, डॅमरेज चालू होईल." मला पहिली दोन वर्षं वाटायचं की माल डॅमेज होतो त्याचा हा दंड. तसं नाही, माल किंवा जहाज ठरल्या वेळेपेक्षा जास्त थांबलं की पैसे, मूळ शब्दाचा अर्थच थांबणं, रेंगाळणं. त्यानंतर एकदा इंग्रजी पेपरात वाचलं की अमक्या मंत्र्याने 'डिमर' केलं, आणि डिक्शनरी न उघडता मला कळलं की हा गडी आढेवेढे घेतोय, खोळंबा करतोय. शिकवलं कुणी, तर ट्रेलरच्या ड्रायव्हरने.

तसाच अलेज. केमिकलच्या टाक्यांवर माल मोजणारा सर्व्हेअर चढायचा आणि वरून ओरडून आकडा सांगायचा. टाकीच्या वरच्या कडेपासून आतल्या मालाच्या पातळीपर्यंत जी मोकळी जागा राहते ती अलेज. ती मुद्दाम ठेवावी लागते, उन्हाने माल फुगतो ना. हा शब्द फ्रेंचमधून आला, तिकडे पिपाच्या बुचाच्या भोकाला डोळा म्हणायचे, त्या डोळ्यापर्यंत पीप भरणं यावरून तो झाला. नारळाला आपण डोळे म्हणतोच की! आणि आई लोणच्याची बरणी भरताना म्हणायची, "गळ्यापर्यंत दाबू नकोस गं, खार वर यायला जागा ठेव." बरणीला आयुष्यभर अलेज ठेवत आली बिचारी, नाव तेवढं माहीत नव्हतं.

भारी शब्दांचं मला वावडं आहे असं समजू नका. २०१७ मध्ये शशी थरूरांनी ट्विटरवर फरागो हा शब्द टाकला आणि सगळा देश डिक्शनऱ्या उघडून बसला, आमच्या ट्रान्सहार्बरच्या लेडीज डब्यातसुद्धा तुर्भ्यापर्यंत तोच विषय. अर्थ म्हणे गोंधळाची खिचडी. पण लॅटिनमध्ये फरागो म्हणजे गुरांसाठी कालवलेलं मिश्र धान्य. शहापूरकडे आमची आजी रोज संध्याकाळी पेंड, चुणी, कोंडा भिजवून घमेल्यात हाताने कालवायची, कोपरापर्यंत हात बरबटलेला, आणि म्हैस दाव्याला हिसके देत हंबरायची. आंबोण हो! तेव्हापासून टीव्हीवर चर्चा लागली की मी घरात म्हणते, आंबोण सुरू झालं.

एक सावधगिरी मात्र हवी, कारण मी स्वतः तोंडघशी पडलेय. पॉश हा शब्द म्हणे जहाजाच्या तिकिटावरून आला, हिंदुस्थानात येताना डावीकडची केबिन आणि परत जाताना उजवीकडची, म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या चार शब्दांची आद्याक्षरं. ऑफिसात मी हे इतक्या वेळा सांगितलंय, बंदराचं काम म्हणून सगळ्यांना पटायचंही. पण याला काही पुरावाच नाही, तसलं एकही तिकीट कधी मिळालेलं नाही, नुसती रचलेली कथा. चौकट भरायला असले फॉरवर्ड घेऊ नका एवढी विनंती.

आता मुद्द्याची मागणी. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी पंडितांनी खोलीत बसून केली असं मला वाटायचं. पण जेम्स मरे नावाच्या संपादकाने १८७९ मध्ये वाचकांना जाहीर आवाहन केलं की वाचताना शब्द दिसला की तो, त्याचं वाक्य आणि कुठे सापडला ते चिठ्ठीवर लिहून पाठवा. लोकांनी लाखांनी चिठ्ठ्या पाठवल्या, इतक्या की त्याच्या ऑक्सफर्डच्या घरासमोर पोस्टाने खास पेटी उभी केली. हजारो चिठ्ठ्या पाठवणारा एक डॉक्टर तर खून करून वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला होता, त्यालाही कुणी नाही म्हटलं नाही. पहिला भाग १८८४ ला आला, काम पुरं झालं १९२८ ला, तोवर मरे जाऊन तेरा वर्षं झाली होती. आपल्याकडे मोल्सवर्थने मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्येच काढला होता, मी तो अजून मोबाइलवर उघडते, आणि कितीदा असं होतं की मराठी शब्द बघायला जावं तर अर्थ म्हणून दिलेला इंग्रजी शब्दच कळत नाही, मग त्याच्यासाठी दुसरी डिक्शनरी.

तर तुमची चौकट आठवड्यातून एक दिवस वाचकांना द्या. शब्द, कुठे भेटला, कोण म्हणालं, बस. स्पर्धा, बक्षीस काही नको, नाहीतर लोक नेटवरून उचलून पाठवतील. ठाण्या-नवी मुंबईत गॅरेजवाले, वेल्डर, नर्स, एमआयडीसीतले फिटर इतके आहेत की तुम्हाला वर्षभर शब्द कमी पडणार नाहीत.

माझी पहिली चिठ्ठी इथेच देते.

शब्द: फेरूल.
कुठे भेटला: दोनदा. आधी एका जुन्या इंग्रजी रहस्यकथेत, म्हाताऱ्याच्या काठीची फेरूल चिखलात रुतली होती, तेव्हा कळला नाही आणि मी तसंच पुढे वाचलं. मग मे महिन्यात आमच्या गेटबाहेर, पाणी कमी येत होतं तेव्हा.
कोण म्हणालं: प्लंबर. "मेन लाइनवरची फेरूल चोकअप आहे मॅडम, महापालिकेत अर्ज करा, रस्ता खोदावा लागेल."
अर्थ: मुळात छोटं कडं, बांगडी. काठीच्या टोकाला बसवतात ती, पेन्सिलीला रबर धरून ठेवते ती, आणि मोठ्या पाइपातून आपल्याला पाणी काढून देते तीही. काठीच्या फेरूलला माझे वडील शेंबी म्हणायचे, मुसळाच्या कड्याला आई वसवी म्हणायची. पाइपवरच्या फेरूलला मराठीत काय म्हणतात ते प्लंबरला विचारलं, तर तो म्हणाला, "मराठीतच तर सांगितलं ना, फेरूल."

आपली,
एक नियमित वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)