ताउबरकाठून कर्लीकाठी

बाड मेर्गेंटहाइम, जर्मनी,
ऑगस्टचा पहिला रविवार

ती. बाबा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार. दादा-वहिनीला नमस्कार, छोटूला अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. ड्युटी, जेवण, खोली सगळं तसंच चाललंय, ते फोनवर होतंच. पत्र मुद्दाम लिहितेय, कारण दोन गोष्टी फोनवर पुऱ्या होत नाहीत. बाबा दर वेळी विचारतात, "सायकल घेवन एकटी रानातसून कित्याक फिरतंस?" आणि दादाला हवंय की होमस्टेच्या पाहुण्यांना आपल्या कुडाळच्या कर्ली नदीच्या काठाने सायकलीवर न्यायचं तर रस्ता कुठला धरायचा. मला वाटतं दोघांना एकच उत्तर लागू आहे. शांत रस्ता नशिबाने सापडत नाही, तो पारखून घ्यावा लागतो.

बाबा, आधी तुमचं. इथे रान नाही. ताउबर नदी म्हणजे आपल्या कर्लीपुढे व्हाळच, ओढाच. उगमापासून माइन नदीला मिळेपर्यंत सव्वाशे किलोमीटरहून थोडी जास्त लांब, पण बहुतेक ठिकाणी एवढी अरुंद की पलीकडच्या माणसाला हाक ऐकू जावी. दोन्ही अंगांना शेतं, उतारावर द्राक्षमळे, आणि दर चार-पाच किलोमीटरवर गाव. रोथेनबुर्गहून निघून वेर्टहाइमला माइनच्या संगमापर्यंत जाणारी सायकलवाट सुमारे १०० किलोमीटर आहे. मधे क्रेग्लिंगेन, वाइकर्सहाइम, आमचं मेर्गेंटहाइम, लाउडा, ताउबरबिशोफ्सहाइम. वाइकर्सहाइमपासून वेर्टहाइमपर्यंत रेल्वेही खोऱ्यातूनच जाते. त्यामुळे दमलं, पाऊस आला, चाक मोडलं तर पुढचं स्टेशन गाठायचं आणि सायकलीसकट गाडीत बसायचं. एकटी असले तरी वाऱ्यावर सोडलेली नाही मी.

मोठ्या गाड्या ज्या रस्त्यांनी धावतात ते रस्ते वेगळे. सायकलवाट बरीचशी शेतकऱ्यांच्या डांबरी वाटांवरून जाते. ट्रॅक्टरपुरती रुंद, साधारण तीन मीटर. तोंडाशी पांढऱ्या गोलाला लाल कड असलेली पाटी असते, म्हणजे सगळ्या वाहनांना बंदी, आणि खाली छोट्या पाटीवर लिहिलेलं असतं की शेतीची वाहनं आणि सायकली यांना मोकळीक. फाट्याफाट्यावर पांढऱ्या पाटीवर हिरव्या अक्षरांत पुढचं गाव आणि किलोमीटर. हमरस्त्यावर यावं लागलंच तर मोटारवाल्याने सायकलीला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवायचं, असा २०२० पासून कायदा आहे. पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा असतोच. हेल्मेटची सक्ती नाही, तरी मी घालते. आईला हे वाचून दाखवा.

धोका नाही असं मी म्हणणार नाही, पण तो ठरलेल्या जागी असतो. सप्टेंबरपासून बीट आणि द्राक्षं निघतात तेव्हा ट्रॅक्टरच्या चाकांची माती डांबरावर पडते, आणि पाऊस पडला की तिचा साबण होतो. लाकडी साकव ओला असला की चाक सरळ ठेवायचं, त्यावर ब्रेक लावायचा नाही. वाटेच्या मधोमध मोटारी अडवायला खांब रोवलेले असतात, ते संधिप्रकाशात दिसत नाहीत. ऑक्टोबरात खोऱ्यात सकाळी धुकं साचून राहतं, तेव्हा दहाच्या आधी निघायचंच नाही. एवढं पाळलं की झालं.

बाबा, तुम्हाला एक जागा दाखवायची राहिली आहे. वाइकर्सहाइमच्या वरच्या अंगाला ताउबररेटर्सहाइम गावात १७३३ सालचा दगडी कमानींचा पूल आहे. बाल्टाझार नॉयमान या नावाजलेल्या वास्तुशिल्प्याचा. कमानीच्या दगडाला दगड कसा बसवलाय ते बघत तुम्ही तासभर तिथून हलला नसता.

आता इथली एक रीत, जी डोक्यात शिरायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. दादा, नीट वाच, तुला समजावून सांगताना मलाही पुन्हा समजेल. गावातल्या तिठ्या-चौकावर जिथे कुठलीच पाटी नाही, सिग्नल नाही, तिथे उजवीकडून येणारा आधी जातो. बस्स, एवढाच नियम. कोण मोठा, कोणाचा रस्ता रुंद, कोण घाईत, याला काही अर्थ नाही. समज, आपल्या नेरूरच्या तिठ्यावर मालवणहून भरधाव गाडी येतेय आणि तिच्या उजव्या अंगाच्या वाडीतल्या छोट्या रस्त्यावरून एक म्हातारी सायकल ढकलीत नाही तर चालवीत येतेय. इथे ती गाडी थांबते. हॉर्न न देता. म्हातारी मान वर करून आभारही मानत नाही, कारण तो तिचा हक्कच आहे. आणि तुझ्या उजवीकडून कोणी आलं तर तूही थांबायचं, समोर रस्ता रिकामा दिसत असला तरी. चारही बाजूंनी चौघे एकदम आले तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असतंच. मग चौघेही थांबतात, एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी हाताने खूण करून दुसऱ्याला जाऊ देतो. याला अपवादही आहेत. पिवळ्या चौकटीची पाटी असलेल्या रस्त्यावर तुझा मान आधी. उलटा त्रिकोण दिसला तर तू थांबायचं. आणि शेतातली, रानातली वाट रस्त्याला मिळते तिथे हा नियम नाही, वाटेवरच्यानेच थांबायचं. सायकलवाल्याला हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण तो बहुतेक वेळ शेतवाटेवरूनच येतो आणि आपण उजवीकडून आलो म्हणून गाडी थांबेल असं धरून चालतो. ती थांबत नाही, आणि चूक तिची नसते.

हे एवढं लांबवलं, कारण आपल्याकडे यातलं काहीच धरून चालता येत नाही. म्हणून आपल्याकडे रस्ता निवडणं जास्त गरजेचं.

दादा, खोऱ्यात बहुधा नदीच्या एका काठाला मोठा रस्ता असतो आणि दुसऱ्या काठाला गावं जोडणारा जुना छोटा. तो छोटा धर. कुडाळहून नेरूर, नेरूरपार, धामापूर, चौके करत मालवणला जाणारा रस्ता देखणा आहे, तीस किलोमीटरच्या आत संपतो, पण त्यावर एसटी आणि टुरिस्ट गाड्या आहेत. तो सोमवार ते गुरुवार, सकाळी सहा ते आठ एवढाच वापर, धामापूरच्या तलावापर्यंत. पाहुण्यांसाठी खरा रस्ता नेरूरहून वालावल, चेंदवण, कवठीकडे जाणारा. वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळ तळं आहे, सावली आहे, पहिला थांबा तिथेच. हायवेवर पाहुण्यांना पाय ठेवायला लावू नकोस, स्टेशनवरून रिक्षाने घरी आण आणि सायकल घरूनच सुरू कर.

आधी रस्ता मोजून घे. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळांना वळणावर पंधरा मिनिटं उभा राहा आणि गाड्या मोज. माझा आकडा असा: पंधरा मिनिटांत दहाच्या आत असतील तर नवख्या माणसाला घेऊन जा, वीसच्या वर असतील तर नको. त्यातही डंपर वेगळे मोज. वाळूचे आणि चिऱ्याचे डंपर ज्या रस्त्याला असतील तो रस्ता त्या वेळेपुरता नाहीच असं समज, दोन असले तरी. त्यांच्या चाकांनी डांबराची कड तुटलेली असते, आणि त्यांना वाट द्यायला कडेला गेलेला माणूस त्या खाचेतच पडतो. मे महिन्यात चाकरमानी आणि आंब्याच्या पिकअप, चतुर्थीच्या आधीचे आठ दिवस, हे काळ सोडूनच दे.

वाऱ्याचं गणित बहुतेकांना माहीत नसतं. नदी पश्चिमेला समुद्राकडे जाते. पावसाळा सोडला तर सकाळी हवा पडलेली असते, आणि अकराच्या सुमारास समुद्रावरचा वारा सुरू होतो तो संध्याकाळपर्यंत. म्हणून सकाळी साडेसहाला नदीबरोबर खाली जायचं. अर्ध्या दिवसाची फेरी असेल तर दहापर्यंत परत. पूर्ण दिवसाची असेल तर दुपार कोणाच्या तरी पडवीत काढायची आणि चारनंतर वारा पाठीशी घेऊन वर यायचं. उलटं केलंस तर दमलेल्या माणसाला शेवटचे दहा किलोमीटर वारा तोंडावर. तो पुन्हा येणार नाही.

पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर पुरे. काठाचा रस्ता सपाट वाटतो, पण मधेच सड्यावर चढतो आणि पुन्हा मळ्यात उतरतो. असे चार चढ झाले की पाहुणा गप्प होतो. म्हणून सायकलीचा सर्वांत हलका गिअर असा हवा की पुढची लहान चक्री आणि मागची मोठी चक्री दातांनी सारख्या, किंवा मागची मोठी. टायर बारीक नकोत, ३८ किंवा ४० मिलिमीटरचे घे. पासष्ट किलोच्या माणसाला मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआय हवा ठेव. गच्च भरली की वळणावर जांभ्याच्या खडीवरून चाक सटकतं. ती लाल खडी म्हणजे पायाखाली सांडलेले वाटाणे. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर लावून घ्यायचा, वळणात नाही. सावलीतल्या उतारावर शेवाळ दिवाळीपर्यंत टिकतं. मोरीवरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर परत फिरायचं, कोणाचं ऐकायचं नाही.

सीट अशी लाव: पेडल अगदी खाली असताना टाच पेडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघा बेताचा वाकतो. बहुतेकांचे गुडघे दुखतात ते सीट खाली असल्यामुळे. पंक्चर काढताना नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरव, करवंदीचा काटा तिथेच अडकलेला असतो. तो न काढता ट्यूब बदलली की दोन किलोमीटरवर दुसरं पंक्चर. खारी हवा चेन खाते. फेरी झाली की गोड्या पाण्याने धू, फडक्याने कोरडी कर, मगच तेल, आणि वरचं तेल पुसून टाक, नाहीतर धूळ बसून त्याचं लिंपण होतं. माणशी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धर. आईचं कोकमाचं आगळ मीठ घालून दे, बाहेरचं काही विकत घेऊ नकोस. वाडीतले कुत्रे अंगावर आले तर पळवायचं नाही, उतरून सायकल मधे धरायची आणि चालत पुढे जायचं.

छोटूला रस्त्यावर इतक्यात सोडू नका. वालावलपर्यंत दादाच्या पुढे, दादा मागे, असं चालेल.

आता पैशांचं. शुक्रवारी ६०,००० पाठवलेत. त्यातले २५,००० कर्जाच्या हप्त्याचे, २०,००० दोन सायकलींना हातभार, बाकीचे चतुर्थीला. बाबा, त्यातून मागच्या पडवीची कौलं आधी बदलून घ्या, मला पाठवायला जड जात नाही. मागच्या महिन्यात कमी आले ते इथल्या वर्षाच्या वीजबिलामुळे, दुसरं काही नाही. आई, सावंतवाडीच्या स्थळाला तू अजून उत्तर दिलं नसशील तर एवढंच सांग, मुलाशी मी एकदा स्वतः बोलेन. नाही म्हणत नाही मी. पण करार संपायला अजून दीड वर्ष आहे, हे त्यांना आधी माहीत असू दे.

चतुर्थीला येत नाही हे दुसरं वर्ष. रजा मागितली होती, वॉर्डात माणसं कमी आहेत. गणपतीवर फळा-पानांची माटी बांधायचं माझं काम वहिनीने करावं. माटीतली कवंडाळं मला व्हिडिओत दाखवा, आणि आरतीच्या वेळी फोन समईपासून लांब ठेवा, मागच्या वेळी फक्त उजेडच दिसला. आई, तुझ्या गुडघ्याचं औषध संपत आलं असेल, दादाला आजच सांग.

तुमचं चेडू

ता.क. दादा, ट्यूब घेताना मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेलीच घे. बारीक व्हॉल्व्ह असला तर कुडाळात कुठल्याच पंक्चरवाल्याकडे हवा भरता येणार नाही, वेगळा जोड लागतो आणि तो नेमका घरी राहतो.