मोशन ग्राफिक्ससाठी म्हणून गळ्यात मारलेले २८ कोअर

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: चुकीची माहिती देऊन विकलेलं वर्कस्टेशन बदलून मिळण्याबाबत

महोदय,

तुमच्या पुण्यातल्या दुकानातून घेतलेलं मशीन बिघडलेलं नाही. तक्रार ते काय सांगून विकलं याची आहे. त्यामुळे कृपया पुन्हा माणूस पाठवून विंडोज टाकून देऊ नका. तो सोपस्कार झाला आहे.

माझं काम मोशन ग्राफिक्सचं, म्हणजे हलती अक्षरं-चित्रं बनवण्याचं, आणि ते आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरवर चालतं, हे मी खरेदीआधीच सांगितलं होतं. तुमच्या विक्रेत्याने दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर असलेलं मशीन पुढे केलं. १४ आणि १४, २८ कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), "मॅडम, रेंडर चुटकीसरशी!" रेंडर म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढणं. पुरावा म्हणून सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या चाचणीचा मल्टी-कोअर, म्हणजे सगळे कोअर मिळून येणारा, आकडा दाखवला. सिंगल-कोअरचा मात्र दाखवला नाही. तो पाहिला असता तर मी चहा संपवून उठले असते. २०१६ चा प्रोसेसर, बेस क्लॉक (नेहमीचा वेग) २.४ गिगाहर्ट्झ, टर्बो (तात्पुरता वाढीव वेग) फार तर ३.३.

आमचा दिवस जातो कीफ्रेम (हालचालीचे टप्पे) सरकवण्यात, एक्स्प्रेशन (हालचाल ठरवणारा छोटा कोड) बदलून बघण्यात. यातलं बरंचसं एका कोअरच्या वेगावर अडतं. 'गणपती बाप्पा मोरया' अक्षर-अक्षर उडत येणारं साधं टायटल. एक्स्प्रेशनमधला एक आकडा बदलला की पडदा थिजतो. टास्क मॅनेजरमध्ये तेव्हा एक चौकोन काठोकाठ भरलेला, बाकीचे कट्ट्यावर बसल्यासारखे निवांत.

फोनवर तुमच्याकडून मल्टी-फ्रेम रेंडरिंगचं, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रेम रेंडर करण्याच्या सोयीचं, नाव ऐकवलं गेलं. ते २०२१ पासून आहे, मी वापरते. पण एका वेळी जितक्या फ्रेम, तितकी रॅम जास्त लागते. तुम्ही घातली ३२ जीबी. ४के कॉम्प (मोठ्या रिझोल्यूशनचं कॉम्पोझिशन) रेंडरला लावला की रॅम भरते आणि सॉफ्टवेअर आपणहून एका वेळच्या फ्रेम कमी करतं. मग उरलेल्या कोअरचे पैसे मी कशाचे मोजले? सिनेमा फोरडी या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूवर (प्रोसेसरवर) रेंडर करणाऱ्याला हेच मशीन कामी येईल, नाही असं नाही. मी ते काम करत नाही.

मागणी एवढीच: कमी कोअरचं, पण जास्त क्लॉकचं नवं मशीन ६४ जीबी रॅमसह द्या, किमतीत रास्त फरक असेल तर भरीन. ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम परत करा. गणेश मंडळांची एलईडी पडद्यांची कामं डोक्यावर आहेत, म्हणून पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन. 'मोशन ग्राफिक्स स्पेशल' छापलेलं तुमचं पत्रक जपून ठेवलं आहे. त्याची आणि बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

आपली ग्राहक,
सदाशिव पेठ, पुणे ३०