कापसाच्या खोलीतलं पाळणाघर

दारव्हा तालुका, मंगळवार, रात्री

प्रिय मंदे,

तुझं पत्र दिवाळीतच मिळालं. उत्तर मुद्दामच थांबवलं. रविवारी पाळणाघर गावाला दाखवायचं होतं, आणि ते झाल्याशिवाय लिहायला मन लागेना.

जागा तुझ्या ओळखीची आहे. माझ्या लग्नात तुम्ही मैत्रिणी ज्या कापसाच्या खोलीत झोपलात आणि रात्रभर अंग खाजवत बसलात, तीच ही. ती खाज आठवूनच मी खोली तीनदा धुऊन काढली, भिंतींना चुना दिला, खाली कोबा घातला. टिना टाका, टिना टाका, असं सगळे म्हणत होते. मी कवेलूच फेरले. मे महिन्यात टिनाखाली लेकरू ठेवायचं कसं? विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. दाराबाहेर नळ घेतला आणि भिंतीत खुंट्या ठोकल्या. वेचणीला जाताना बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतात, त्याच्या खुंट्या त्या. कधी तो शर्ट फवारणीचाही असतो. 2017 साली फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात माणसं गेली, ते दिवस तुला आठवतात. म्हणून शर्ट बाहेर काढायचा, हातपाय धुवायचे आणि मगच लेकराला उचलायचं, असा नियम केला आहे.

तू विचारलं होतंस, अंगणवाडी असताना हे कशाला? अंगणवाडीची योजना 1975 पासून आहे, आणि आमच्या ताई खरंच मायेनं करतात. पण तिथं येऊन बसतात ती तीन वर्षांपुढची, तीही काही तासच. त्याहून लहान लेकरांचा आहार घरी मिळतो, पण वेचणीच्या दिवसांत तो खाऊ घालायला घरी असतं कोण? रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच लेकरं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, असा तरी नियम केला गेला. वावरात कोण नेमणार? बाभळीला झोका बांधतात आणि पात धरतात. पातीच्या दुसऱ्या टोकाला गेलं की रडणं ऐकू येत नाही. पैसे किलोवर मिळतात, त्यामुळे जिचं लेकरू अंगावर पितं तिची ओटी सगळ्यात उशिरा भरते. हे मी सहा वर्षं आमच्याच वावरात पाहत आले, मंदे. आमच्याच वावरात. म्हणून ही खोली मागितली, आणि मामंजींनी दिली.

रविवारी अकराची वेळ ठेवली होती. दारात रांगोळी काढली, आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, मुरमुऱ्याचा चिवडा केला. सरपंचबाई आल्या, मास्तर आले, आशाताई आल्या, बचत गटाच्या आठ-दहा जणी आल्या. भिंतीवरची चित्रं पाहिली, खेळणी हातात घेतली, फोटो काढले. आशाताईंनी लसीची कार्डं ठेवायला वेगळी पिशवी करा असं सुचवलं. साखर-मिठाच्या पाण्याचं प्रमाण मोठ्या अक्षरात लावायला सांगितलं, ते लगेच लिहून टांगलं: 1 लिटर पाणी, सपाट 6 चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सगळं छान झालं. एक वाजता सगळे गेले, आणि मी पाळण्यांकडे पाहत बसले. ज्यांच्यासाठी हे केलं त्यातली एकही बाई आली नव्हती.

येणार कशी? शेतं पांढरीफट्ट झाली आहेत, आणि वेचणीला रविवार नसतो. सुट्टी असते बाजाराच्या दिवशी, आमच्याकडे शुक्रवारी, त्याच सुमारास आठवड्याचा चुकाराही होतो. या गावात इतकी वर्षं काढून मी शाळेच्या सुट्टीचा वार धरला, याचं मला फार वाईट वाटलं. डी.एड.ला आपण ताराबाई मोडकांचं काम पाठ केलं होतं ना? 1945 साली बोर्डीला बालवाडी काढली, मुलं येईनात, तेव्हा त्या बालवाडीच वस्तीतल्या अंगणात घेऊन गेल्या. त्यावर मला पैकीच्या पैकी मार्क होते.

मग सासूबाई म्हणाल्या, "दार लावू नको. चहाचं आधण ठेव." सातला पहिली बाई आली, तशीच वावरातून, केसांत कापूस, कडेवर लेकरू. मागून चौघी. चित्रांकडे कोणी पाहिलं नाही. एकीनं आधी विहिरीची जाळी हलवून पाहिली. दुसरी पाळण्याची दोरी ओढून पाहत होती. तिसरीनं कणगीमागे हात घालून पाहिलं, विंचू निघतो म्हणाली, आणि खरंच ती कणगी मी दुसऱ्या दिवशी हलवली. मग सगळ्यांच्या मनातलं एकीनं विचारलं, "बाई, रडलं तं घेईन कोण याले?"

मी काही बोलायच्या आधी आमच्या सुईणबाई पुढे झाल्या. दिवसभर माझ्यासोबत त्याच राहणार आहेत. त्यांनी फक्त हात पसरले. त्यातली निम्मी लेकरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. दीड वर्षाची पोर आईच्या कडेवरून त्यांच्याकडे झेपावली, आणि ती आई खाली बसून पदरानं तोंड पुसायला लागली. कण्या शिजलेल्या होत्याच, त्या ताकात कालवून दिल्या. पोर खाता खाता झोपली.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. एकीचं बाळ चार महिन्यांचं. सहा महिन्यांपर्यंत आईचंच दूध, म्हणून तेवढं लहान मी घेत नाही, असं सांगितलं. ती म्हणाली, "मंग दोन महिने म्या काय करू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्रभर झोप नाही आली. काल तिच्या मालकिणीकडे गेले होते. आमच्या घरामागचंच वावर तिला वेचायला द्या आणि दिवसातून तीनदा पाजायला सोडा, असं विनवून आले. विचार करते म्हणाल्या. मी परत जाणार आहे.

बाराच लेकरं घ्यायची असं ठरवलं आहे. पाच नावं झाली. रोजचे 20 रुपये, तेही चुकाऱ्याच्या दिवशी. या शुक्रवारी सकाळी सहापासून दार उघडं ठेवते, बाजाराला जाता-येता बाया डोकावतील.

तू डिसेंबरात येशील तेव्हा काकूंची जुनी सुती लुगडी आण, जेवढी निघतील तेवढी. पाळण्यात नायलॉन चालत नाही, लेकरांना घाम येतो. आणि रविवारी येऊ नकोस. गुरुवारी ये, म्हणजे शुक्रवार हाती लागेल.

तुझी,
छबू